ब्लॉकचा असर म्हणतायत? आधी पावलाचा पल्स बघायला सांगा

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. आईंचा गुडघा काल बदलला, आज पाऊल गार, बोटं पांढरट, आणि स्टाफ म्हणतो ब्लॉकचा, म्हणजे पाय बधिर करायच्या इंजेक्शनचा असर आहे. आमच्या बाबांच्या वेळी अगदी हेच ऐकलं होतं. मी डॉक्टर नाही, पण ड्युटी डॉक्टरांना आत्ताच बोलवा, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

ब्लॉकने पाय बधिर होतो, हलत नाही, दुखणंही कळत नाही, सगळं मान्य. पण पल्स जात नाही. दोन्ही पावलांना एकदम हात लावून बघा, फरक लगेच कळतो. पावलावरचा आणि घोट्यामागचा पल्स बघायला सांगा, बोटाला नाही लागला तर रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या डॉप्लर मशीनने.

आणि डॉप्लर म्हणाले की पुढचा प्रश्न विचारायचा, कुठला, शिरांचा की धमनीचा? आमचा घात तिथेच झाला. बाबांची व्हेनस डॉप्लर केली, म्हणजे शिरेत डीव्हीटीची, रक्ताची गाठ आहे का एवढंच बघितलं, रिपोर्ट नॉर्मल आला आणि सगळे निवांत झोपले. आर्टरी, म्हणजे पायाला रक्त नेणारी धमनी, कोणी बघितलीच नाही! रक्त पूर्ण बंद झालं तर साधारण सहा तासांत स्नायू कायमचे जायला लागतात, इथे अख्खी रात्र गेली. सकाळी सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, गुडघ्यामागची पॉप्लिटिअल आर्टरी बंद दिसली, तिथे व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन नाही, मग ऐन गर्दीत बोरिवलीहून परळ, हायवेवर अँब्युलन्स नुसती भोंगा वाजवत उभी. बायपास झाली, पोटरी दोन्ही बाजूंनी चिरून उघडी ठेवावी लागली. पाय वाचला, पण पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल मागे राहते.

हे फार क्वचित होतं, हजारात एखाद्याला, किंवा त्याहून कमी, म्हणून ऑपरेशनलाच घाबरू नका कोणी. पण डायबिटीस, तंबाखू, चालताना पोटऱ्या भरून येणं, एक्स-रेत आर्टरीवर कॅल्शियम, यातलं काही असेल तर आधी व्हॅस्क्युलरवाल्यांना दाखवा आणि टूर्निकेट, म्हणजे ऑपरेशनात रक्त थांबवायला मांडीला बांधतात तो पट्टा, लावणार का ते विचारा. माझं स्पष्ट मत, रात्री व्हॅस्क्युलर सर्जन कुठून येणार हे ज्या हॉस्पिटलला सांगता येत नाही तिथे अशा पेशंटने गुडघा करूच नये, रूम कितीही चकाचक असो.

मेडिक्लेमचं म्हणाल तर दुसरं ऑपरेशन पॅकेजमध्ये धरतीलच असं नाही, इमर्जन्सी असं लिहिलेलं पत्र सर्जनकडून त्याच दिवशी घ्या. डिस्चार्जच्या वेळी टीपीए, म्हणजे मेडिक्लेमचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या डेस्कवर कोणी ओळख दाखवत नाही. पण ते नंतर, आधी पल्सचं बघा.