रक्ततपासणीच्या आधी कान, डोळे आणि थायरॉइड

ताई, डाउन सिंड्रोम असलेली तुमची ४३ वर्षांची बहीण गप्पगप्प झालीय, अंघोळ अर्धी टाकून बाहेर येते, डॉक्टर "आता हे असंच" म्हणाले. तर डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) ती नवी रक्ततपासणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझा धाकटा भाऊही डाउनचाच, म्हणून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

भीती खोटी नाही. अमिलॉइड, म्हणजे अल्झायमर या डिमेन्शियाच्या आजारात मेंदूत साचतं ते, ज्यापासून बनतं त्या प्रथिनाचं जनुक २१व्या गुणसूत्रावरच असतं आणि डाउनच्या आपल्या माणसांत त्याची एक प्रत जास्त. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल झालेले असतात. लक्षणं बहुतेकदा पन्नाशीच्या आसपास दिसतात. पी-टाऊ २१७ आणि न्यूरोफिलामेंट लाइट हे रक्तातले मार्कर, म्हणजे मेंदूतल्या बदलांची खूण देणारी प्रथिनं, त्याआधीच वाढू लागतात. पण न्यूरोफिलामेंट फक्त चेतापेशींची झीज दाखवतं, ती कशामुळे ते नाही. शिवाय नुसत्या वयानेही ते वाढतं. "जैविक वय" सांगणाऱ्या पॅकेजवर तर माझ्या मते रुपयाही घालू नका. २०१५च्या एका अभ्यासात डाउनच्या लोकांचं एपिजेनेटिक वय (डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून काढलेलं) साडेसहा वर्षांनी जास्त निघालं होतं, पण ती सरासरी. तुमच्या बहिणीला त्याचा काय उपयोग?

आमचं खरं नुकसान केलं ते इथल्याच एका तपासणी केंद्राने. नाव घेत नाही. भावाला विचारलं, आज तारीख काय? शंभरातून सात वजा करत जा. अहो, त्याला हे पंचविशीतही येत नव्हतं! आधी त्याला काय काय जमायचं, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. कागदावर डिमेन्शिया लिहून मोकळे. मग जिथे जाऊ तिथे तो कागद बघितला की पुढचा तपास बंद. पंचवटीतल्या आमच्या जिन्यात तो पहिल्या पायरीवर पाय पुढे करायचा, मागे घ्यायचा, कठडा घट्ट धरून उभा राहायचा. सगळे म्हणायचे, उतरायचं विसरला. विसरला कसला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पायरीची कडच दिसत नव्हती! कानात मळ दगडासारखा, टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइड मंद. ऑपरेशन झालं, थायरॉइडची गोळी सुरू झाली, आणि स्वारी पुन्हा खाली जाऊन दुधाच्या पिशव्या आणायला लागली. फुकट गेलेलं वर्ष कोण भरून देणार?

तर आधी टीएसएच, बी१२, कान, डोळे. घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही दाखवा. घरात कुणी गेलं असेल तर नैराश्यही असू शकतं. हे सगळं करूनही डिमेन्शिया निघू शकतो, खोटी आशा लावत नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली तर मात्र थेट न्यूरोलॉजिस्ट गाठा.

तुलना तिची तिच्याशीच करायची. चहा करताना, केस विंचरताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. सहा महिन्यांनी तीच कामं, पुन्हा व्हिडिओ. लग्नाबिग्नातले जुने व्हिडिओही शोधा. एनटीजी-ईडीएसडी नावाची, डिमेन्शियाची सुरुवातीची लक्षणं टिपणारी प्रश्नावली सांभाळणाऱ्याने भरायची असते. ती भरून सोबत न्या, डॉक्टरांनी नाक मुरडलं तरी.

आई थकल्यात म्हणता, म्हणून जाता जाता: कायदेशीर पालकत्व नसेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे आत्ताच अर्ज टाका. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. नंतर बँकवाले दारातूनच परत पाठवतात.