३ मिमी प्लायचा स्कार्फ जॉइंट (कडा तिरक्या छिलून केलेला जोड) मशीनशिवाय, घरी जमेल का?

तुम्ही चिपळूणला फ्लाय बेबी (घरी बांधता येणारं छोटं लाकडी विमान) बांधताय, धडाच्या बाजूंना ८ फुटी प्लाय लांबीला पुरत नाही आणि हाताशी फक्त रंधा आहे, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. जमेल. मीही हेच विमान बांधतोय आणि माझे सगळे जोड रंध्यानेच केलेत.

उतार १ ला १२ धरा. म्हणजे ३ मिमीला ३६ मिमी. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवा, वरचा ३६ मिमी मागे सरकवा, म्हणजे कडांच्या पायऱ्या होतील. खाली एखादा टाकाऊ पण सपाट प्लाय हवाच, नाहीतर सगळ्यात खालची कड आधाराविना तुटते. मग सगळं घट्ट आवळून पायऱ्या जाऊन सलग उतार होईपर्यंत रंधा मारा. पातं अगदी ताजी धार लावलेलं आणि जेमतेम बाहेर काढलेलं. शेवटचा हात सपाट फळीला चिकटवलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा. कड कागदासारखी झाली की रंधा बाजूला ठेवायचा.

आता मोजपट्टी विसरा आणि उताराकडे बघा. प्लायचे थर आणि त्यांमधल्या गोंदाच्या गडद रेघा तिथे पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. रेघा सरळ आणि कडेला समांतर असतील तर उतार बरोबर. रेघ वळली की तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. इतका प्रामाणिक तपासनीस दुसरा नाही!

एक तुकडा उलटा केला की दोन्ही उतार एकमेकांवर बसतात. पांढरा फेविकॉल इथे चालणार नाही. सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. मी टी-८८ इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) वापरतो. उतारावर लाकडाची तोंडं उघडी असतात, ती पहिला हात पिऊन टाकतात, म्हणून दोन्ही बाजूंना लावून थोडं थांबा आणि पुन्हा लावा. इपॉक्सीला खूप दाबू नका, सगळा बाहेर निघून सांधा कोरडा राहील. (रिसॉर्सिनॉल या दुसऱ्या गोंदाचं उलट: त्याला भरपूर दाब लागतो, शिवाय पातळ, एकसारखी फट.) दाब दिला की तिरके तुकडे एकमेकांवरून घसरतात, तेव्हा आधीच जोडापासून दूर, पुढे कापून जाणार असलेल्या भागात, बारीक चुका (खिळे) मारून जागेवर धरा. वर-खाली पॉलीथीन, त्यावर सपाट फळ्या, मग क्लॅम्प. सांध्यावर उंचवटा राहिला तर घासताना जपा, वरचा थर मिलिमीटरभरच असतो.

कोकणातली हवा हा खरा प्रश्न आहे. पावसाळ्यात जोडकाम करूच नका. प्लाय काही दिवस कोरड्या खोलीत ठेवून मगच हात लावा. १९४४ साली हिंदुस्थानात मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांचे सांधे निकामी होऊ लागले, तेव्हा आधी दमट हवेलाच दोष दिला गेला. पुढे चौकशीत कारखान्यातल्या जोडकामातलीही ढिलाई निघाली.

प्रत्येक वेळी त्याच प्लायचे तुकडे त्याच कालवलेल्या गोंदाने जोडून ठेवा, पूर्ण वाळल्यावर २५ मिमीच्या पट्ट्या कापून वाकवून मोडा. लाकडाचे तंतू फाटलेले दिसले तर ठीक. दोन्ही बाजूंना गुळगुळीत चकचकीत गोंद दिसला, तर विमानावरचा तो जोड कापून टाका, कितीही सुबक दिसत असला तरी.