दुसऱ्या पानावरची वही

प्रश्न: हुपरीत आमचं चांदीच्या दागिन्यांना रोडियम पॉलिश करायचं, म्हणजे विजेने रोडियम धातूचा पातळ थर चढवायचं युनिट आहे. मुलाला बारावीला ७६ टक्के. रोडियम सोन्याहून महाग, म्हणून त्याने मेटलर्जी इंजिनिअर व्हावं असं मला वाटतं. मॅनेजमेंट कोट्याचे पैसे तयार आहेत. त्याच्या डोक्यात मात्र बीएस्सी केमिस्ट्रीचं खूळ. समजवा.

उत्तर: नमस्कार. मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानाची. तिथे लिहिलंय, ‘हट्ट सोडेपर्यंत युनिटमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं बजावलंय.’ त्याच्याच खाली, अभ्यास सोडून काय करतो याचा पुरावा म्हणून, त्याच्या वहीतली नोंद उतरवलीत: ‘पॉलिश काळपट. आधीच्या टबातलं तांबं नीट धुतलं गेलं नाही?’ अहो, कुणी न सांगता पोरगं रोज टबाचं तापमान आणि व्होल्टेज लिहितं, बिघाड झाला की कारण शोधतं. तर्कही बरोबर आहे. रोडियमच्या टबात तांबं उतरलं की पॉलिश काळवंडतं. याला खूळ म्हणायचं? आणि शिक्षा म्हणून नेमकं तिथूनच त्याला हाकललंत.

महाग धातू म्हणजे गलेलठ्ठ पगार, हा तुमचा हिशेबही चुकीचा. रोडियमसाठी वेगळी खाण चालत नाही. बहुतेक माल दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनमच्या जोडीने निघतो, त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही आणि भाव उधळतो. मार्च २०२१ मध्ये तो औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास होता. २०२३ मध्ये पाच हजारांच्या खाली आला. पॉलिशचं पाणी विकत घेताना याची झळ तुम्हीच सोसली असेल. अशा भावावर पोराची चार वर्षं लावायची? शिवाय दागिन्यांना लागतं ते चिमूटभर. बहुतांश रोडियम गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन करायला. तिथे धातूच्या पृष्ठभागावर काय घडतं ते कळावं लागतं, आणि ते केमिस्ट्रीचं काम. इंग्रज शास्त्रज्ञ वोलास्टनने १८०४ च्या सुमारास लंडनमध्ये हे मूलद्रव्य शोधलं तेही प्लॅटिनमचं खनिज आम्लात विरघळवूनच. क्षार गुलाबी दिसले म्हणून ग्रीक गुलाबावरून नाव ठेवलं.

बीएस्सी, मग ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, हा सरळ रस्ता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर, म्हणजे अशाच कॅटॅलिस्टवर संशोधन चालतं. मेटलर्जी वाईट नाही, पण ती ज्याला हवी त्याला घेऊ द्या.

कोट्याचे पैसे बँकेतच राहू द्या आणि उद्या सकाळी युनिटची किल्ली त्याच्या हातात द्या. पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा. टब धुतल्यावर पॉलिश उजळलं का, ते मला वाचायचंय.