समुद्राचा फोटो आणि रखडलेला निर्णय

‘मॅडम, एवढीशी गोष्ट आहे, पण निर्णयच होत नाही. माझं काही बिघडलंय का?’

हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. गोष्ट दरवेळी वेगळी असते. जुनी गाडी विकायची की ठेवायची, गावच्या घराला रंग काढायचा की नाही, सोसायटीच्या कमिटीत जायचं की लांब राहायचं. मी आधी एवढंच बघते की माणूस एकाच ठिकाणी अडकलाय की सगळीकडे. सकाळी कुठला ड्रेस घालावा इथपासून सगळंच अडत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडीच्या गोष्टींतलं मन उठलं असेल, तर मी निर्णयावर बोलतच बसत नाही. तिथे नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे का ते तपासावं लागतं आणि मी सरळ मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी देते. पण बाकी सगळं सुरळीत चाललंय आणि नेमकी एकच गोष्ट लटकलीय, असं असेल तर त्या लटकण्याकडे मी जरा संशयाने बघते. त्यातून त्या माणसाचं काहीतरी काम होत असतं.

सुजाताचं असंच होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.) वय चाळिशीतलं, फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिथे मार्चअखेरीला लोक तिच्या टेबलाशी रांग लावतात, कारण ही बाई लगेच सांगते, हे पास, ते परत. अडली होती ती एका फोटोवर.

ती वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: मुंबईतल्या या चाळी ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका चाळीत 80 बिऱ्हाडं. एक खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. वरळीत अशा 121 चाळी होत्या. पुनर्विकास ठरल्यावर सुजाताने कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी एकेक खोली टिपायला लागली. नियम तिने स्वतःच घालून घेतले होते. दारातून आत बघायचं, फ्लॅश मारायचा नाही, माणूस घ्यायचा नाही. त्यामुळे फोटोंत दिसते ती मांडणी, मोरीच्या कठड्यावरचा घासलेला हंडा, पोटमाळ्यावर कोंबलेल्या गाद्या, देवाच्या फोटोमागे खोचलेली विजेची बिलं. चांगलं काम आहे. मी फोटोग्राफीतली जाणकार नाही, पण माझी मावशी डिलाईल रोडला अशाच खोलीत राहायची, त्यामुळे ते हंडे मला ओळखता येतात.

आणि या सगळ्यात एक समुद्राचा फोटो. खाली करडं पाणी, वर करडं आभाळ, मधोमध क्षितिजाची रेघ. बाकी काही नाही. ‘हा सिरीजमध्ये बसतो का?’ हा प्रश्न घेऊन ती वर्षभर फिरत होती. फोटो ग्रुपमधले म्हणाले, सगळ्यात सुंदर हाच आहे, काढू नकोस. एक ज्येष्ठ म्हणाले, समुद्र नको, ते सुगिमोटोने करून ठेवलंय. (हिरोशी सुगिमोटो हा जपानी छायाचित्रकार 1980पासून जगभरचे समुद्र कृष्णधवल टिपतोय, प्रत्येक फ्रेममध्ये क्षितिज बरोबर मध्यावर. हे मला नंतर वाचून कळलं.) नवरा म्हणाला, नाणं उडव. तिने नाणंही उडवलं होतं. छापा पडला, तर म्हणाली, तीनदा बघू.

पहिल्या भेटीत तिची अपेक्षा होती की मी तिला निर्णय घेण्याची काही पद्धत शिकवेन. दोन रकाने करा, फायदे-तोटे लिहा, वगैरे. रकाने मी सांगते, नाही असं नाही, पण वर्षभर दहा जणांना विचारून झालेल्या माणसाला आणखी रकाने देऊन काय उपयोग? त्याच्याकडे माहिती उलट जास्तच झालेली असते. म्हणून मी तिला दुसरंच विचारलं. ‘समजा, आज रात्री निर्णय झाला. ठेवायचा की काढायचा, काहीही असो. उद्या सकाळी तुम्हाला काय करावं लागेल?’

ती चटकन म्हणाली, ‘उद्या प्रिंटरकडे फाइल जाईल.’

‘मग?’

‘मग पुस्तकाचा नमुना येईल.’ जरा वेळाने म्हणाली, ‘मग तो आईला दाखवावा लागेल.’

हा फोटो कुठून काढला होता हे तिने तोवर मला सांगितलंच नव्हतं. मी वरळी सी फेसच्या कठड्यावरून काढला असेल असं धरून चालले होते. प्रत्यक्षात तो आईच्या नव्या घराच्या खिडकीतून काढलेला होता.

वरळीतल्या पहिल्या टप्प्यातल्या 556 घरांच्या चाव्या 14 ऑगस्ट 2025 रोजी मिळाल्या. 160 फुटांच्या बदल्यात 500 चौरस फूट, 40 मजली टॉवरमध्ये, संडास-बाथरूम घरात. सुजाताची आई त्यातली एक. जन्मभर पहाटे उठून सामाईक संडासापुढे उभी राहिलेली बाई. तिने नव्या घरात पहिल्यांदा कडी लावली तेव्हा आतूनच मोठ्याने म्हणाली, ‘आता कुणाच्या बापाची घाई नाही!’ सगळे हसले. सुजाताही हसली आणि खिडकीशी गेली. एवढ्या उंचावरून समुद्र दिसत होता. जुन्या खोलीतून तो कधीच दिसला नव्हता. तो फक्त खिडकीच्या गंजलेल्या गजांत आणि पावसाळ्यात पाणी सुटणाऱ्या मिठाच्या बरणीत होता. तिने फोटो काढला.

आता अडचण अशी, की त्या दिवशी तिला रडायला येत होतं. कशासाठी रडणार? आईला हक्काचं घर मिळालं, फोन अभिनंदनाचे येतायत, भाऊ पेढे वाटतोय. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 साली अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख मानायलाच तयार नसतात. त्याला ना सुतक असतं, ना भेटायला येणारे. माझ्या अनुभवात याहून अवघड असतो तो प्रकार, जिथे गेलेल्या गोष्टीच्या बदल्यात जास्त चांगलं मिळालेलं असतं. तिथे माणूस स्वतःलाच दटावतो: कृतघ्न कुठली. मुंबईत गेल्या काही वर्षांत पुनर्विकास झालेल्या घरांतली बरीच माणसं माझ्यासमोर बसली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाने आधी माफी मागूनच रडायला सुरुवात केली आहे.

सिरीज चालू आहे तोवर सुजाताला सुट्टीच्या दिवशी चाळीत जायला कारण होतं. फोटोचा निर्णय झाला की सिरीज संपणार आणि आईपुढे ते सगळे हंडे मांडायचे, म्हणजे ‘मला हे हवं होतं’ असं तिच्या आनंदाच्या तोंडावर सांगायचं. त्यापेक्षा एक फोटो बसतो की नाही यावर डोकं खाजवत राहणं बरं. हे मी तिला सांगितलं नाही. तिने स्वतः बोलून दाखवायला मधे काही भेटी गेल्या, त्यांत रडणंही झालं. ते इथे सविस्तर लिहीत नाही.

फोटोचं काय झालं ते मात्र सांगण्यासारखं आहे. एकदा ती सगळ्या फोटोंचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट घेऊन आली. आम्ही ते सतरंजीवर मांडले. समुद्राचा ठेवून बघितला, काढून बघितला. ठेवला की शेजारचे फोटो गप्प व्हायचे. तो एकटाच बोलायचा, आणि बोलायचं तेही असं, की कुठल्याही कॅलेंडरवर चाललं असतं. मी विचारलं, ‘हा असाच निघाला होता का?’ नाही, म्हणाली, क्रॉप केलाय. फोनवर मूळ फोटो शोधून दाखवला.

मूळ फोटोत डावीकडे सरकत्या खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट होती, तिच्यावरचं निळं प्लास्टिक अजून सोललेलं नव्हतं. खाली कोस्टल रोडची पट्टी, तिच्या अलीकडे उरलेल्या जुन्या चाळींची निळ्या ताडपत्र्या टाकलेली छपरं. आणि काचेत पुसटसं प्रतिबिंब. आई हात वर करून पंख्याचं बटण शोधतेय.

ती बराच वेळ फोन धरून होती. मग म्हणाली, ‘म्हणजे सिरीजशी जोडणारं जे जे होतं ते मीच कापून टाकलं, आणि मग लोकांना विचारत सुटले की हा बसतो का.’

यावर मला काही भर घालायची नव्हती.

तरी मूळ फोटो आपोआप बसला असं नाही. त्यात माणूस आहे, निदान सावलीपुरता, आणि नियम होता माणूस नको. शिवाय तो आतून बाहेर बघणारा, बाकीचे सगळे बाहेरून आत. तिने यावर वाद घातला, माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त. मला तो वाद ऐकायला आवडला, कारण पहिल्यांदाच ती फोटोबद्दल बोलत होती, लोक काय म्हणतील याबद्दल नाही. शेवटी तिने तो घेतला, पण अखेरचा नाही, अखेरून दुसरा. समुद्रावर संपवायचं नाही, हे तिने ठामपणे सांगितलं. ‘मुंबईतलं सगळं शेवटी समुद्रावरच नेऊन सोडतात,’ म्हणाली. शेवटचा फोटो पॅसेजमधल्या सामाईक नळाचा आहे.

असा प्रश्न घेऊन बसलेल्यांना मी हेच सुचवते: दहा जणांचं मत घेणं काही दिवस थांबवा आणि निर्णय झाल्यावर तुमच्या दारात काय येऊन उभं राहणार आहे ते कागदावर लिहा. कधीकधी तिथे काहीच नसतं आणि गाडी विकून माणूस मोकळा होतो. कधी कुणीतरी उभं असतं.

आईने नमुना पाहिला. पान उलटता उलटता थांबली, मोरीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, ‘अगं, हा हंडा आपलाच ना? मी म्हणतेय शिफ्टिंगमध्ये गेला कुठे!’ त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं, कारण तो हंडा सुजाताने गुपचूप स्वतःच्या घरी नेला होता. ती अजून माझ्याकडे येते. सध्या विषय भावाचा आहे, आणि नव्या घराच्या कागदांवर आईमागे नाव कुणाचं लागणार याचा.