एक्सएमएल शिकतोस? ग्रंथयादीपासून सुरुवात कर

म्हापशातल्या वाचनालयाची ग्रंथयादी एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीला खुणा लावून ती साठवण्याच्या पद्धतीत, घालणार आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. पण लगेच टॅग, म्हणजे माहितीच्या तुकड्याचं नाव सांगणाऱ्या कंसातल्या खुणा, लिहायला बसू नकोस. एका पुस्तकाबद्दल नेमकं काय नोंदवायचं, ते आधी कागदावर ठरव. इथे तयार टॅग मिळत नाहीत, ते आपणच ठरवायचे. <पुस्तक> असा देवनागरी टॅगही चालतो.

नियम थोडे, पण कडक. सगळं पोटात घेणारा मूळ घटक (टॅगची जोडी आणि तिच्यामधला मजकूर) एकच, उघडलेला टॅग बंद झालाच पाहिजे, गुणधर्माचं, म्हणजे टॅगमध्येच लिहिलेल्या जादा माहितीचं, मूल्य अवतरणात. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९८ साली प्रमाण ठरवलं तेव्हापासून यात सूट नाही. चूक दिसली की पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्रॅम, तिथेच थांबतो.

गोव्यात खरी मेख भाषेची. मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीत, शिवाय रोमन लिपीतली रोमी कोंकणी आहेच. नुसत्या लिपीवरून संगणकाला भाषा कशी कळणार? म्हणून प्रत्येक शीर्षकाला ‘एक्सएमएल:लँग’ हा गुणधर्म लावच: मराठीला ‘एमआर’, कोंकणीला ‘केओके’, फाइलीत अर्थात रोमन छोट्या अक्षरांत. उद्या कुणी फक्त कोंकणी पुस्तकं मागितली तर हाच कामी येईल.

फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही सामावणाऱ्या अक्षरसंकेतात, साठव. स्कीमा, म्हणजे कोणता टॅग कुठे यावा याची नियमावली, नंतर शिकलास तरी चालेल.