बाहेर उभं केलं की तो खूश का दिसतो?

"अकरा वर्षं शिकवतेय, पण यंदाच्या सातवीने रडवलं," असं म्हणत एक बाई समुपदेशनाला आल्या. गणिताचा तास, तोही मधल्या सुट्टीनंतरचा. पट ४६. एक मुलगा कंपासपेटी पाडतो, कोकिळेचा आवाज काढतो, मग मागचे चारपाच जण सूर धरतात. ओरडून बाईंचा घसा बसलेला. डायरीत लाल शेरे झाले, पालक दोनदा येऊन गेले. खरा प्रश्न त्यांनी उठता उठता विचारला : "मीच कमी पडतेय का?"

हा प्रश्न बहुतेक शिक्षक विचारतात. त्याचं उत्तर शोधण्याआधी एक साधी नोंदवही करून पाहावी. पानावर तीन रकाने : आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'मस्ती केली' असं लिहायचं नाही, '२.१०, कंपासपेटी पाडली' असं लिहायचं. बाईंनी सहा दिवस लिहिलं. १७ नोंदी झाल्या. त्यातल्या १३ 'वह्या काढा, उदाहरणं सोडवा' म्हटल्यावर दोनतीन मिनिटांतल्या. बाई फळ्यावर शिकवत असताना तो बहुधा गप्पच. तिसऱ्या रकान्यात नऊ वेळा एकच वाक्य : वर्गाबाहेर उभं केलं.

म्हणजे शिक्षा म्हणून जे दिलं जात होतं, ते त्याला हवंच होतं. बाहेर उभं राहिलं की उदाहरणं टळतात.

का टाळायची, हे त्याच्या वहीत दिसलं. ३/४ + १/२ = ४/६. अंशात अंश, छेदात छेद, सरळ बेरीज. पुढची पानं कोरी. समच्छेद करणं मागेच कुठेतरी सुटलेलं, आणि ४६ जणांत 'येत नाही' म्हणण्यापेक्षा कोकिळा होणं सोपं.

मग ठरलं ते असं. बाहेर पाठवणं बंद. दहाऐवजी त्याला तीनच उदाहरणं, त्यातलं पहिलं हमखास येणारं, म्हणजे समान छेदाचं. वह्या उघडल्यावर मिनिटाभरात बाईंनी त्याच्या बाकापाशी जायचं, पहिली पायरी होईपर्यंत थांबायचं आणि पुढे सरकायचं. अडलं तर त्याने कंपासपेटी उभी ठेवायची. हात वर करायची लाज वाटते म्हणून ही खूण. जागा दुसऱ्या बाकावर, भिंतीकडे. पहिल्या बाकावर नको, तिथून सगळा वर्ग प्रेक्षक होतो. आवाज आला तर वर्गासमोर उलटउत्तर नाही, जवळ जाऊन हलक्या आवाजात एकच वाक्य, "पहिलं कर, मी आलेच."

पहिल्या आठवड्यात प्रकार वाढला. असं होतंच : पूर्वी जे चालायचं ते चालेना, की मूल तेच आणखी जोरात करून बघतं. चौथ्या दिवशी बाईंचा तोल गेला आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. इथेच बहुतेकांची योजना फसते, कारण मुलाला कळतं की जास्त ताणलं तर सुटका होते. अशा दिवशी दुसऱ्या तासापासून पुन्हा ठरल्याप्रमाणे सुरू करायचं, एवढंच. (अंगठे धरायला लावणं किंवा चारचौघांत पाणउतारा करणं हा पर्यायच नाही, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.)

पाचव्या आठवड्यात नोंदी सहा दिवसांत चारवर आल्या. वाचन-लेखनातही तो असाच अडत असता, तर आधी डोळे-कान तपासून मग अध्ययन अक्षमतेची चाचणी सुचवावी लागली असती. इथे अडचण अपूर्णांकांपुरती होती.

मागच्या बाकावरच्या दोघांना मात्र यातलं काहीच लागू पडलं नाही. त्यांना गणित उत्तम येतं. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात दरवेळी 'वर्ग हसला' असंच होतं, म्हणून त्यांची फक्त ताटातूट केली.