सांबारवडी, कोथिंबीर आणि सातवीचा वर्ग

‘मैत्रिणींसारखे होण्याच्या नादात आमची मुलगी स्वतःचे सगळे सोडून देते आहे, तिला कसे थांबवू?’ सहावी ते आठवीतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न या ना त्या शब्दांत निघतोच. त्याचे उत्तर मी एका मुलीच्या हकिगतीतून देते. तिची आणि तिच्या आईची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांची बदली झाली म्हणून हे कुटुंब जून महिन्यात अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी भागातून पुण्याला आले. मुलगी सहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, वर्गात पुढे, बोलायला मोकळी. पुण्यात सातवीत प्रवेश मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. शेजारच्या मुलीने आत काय आहे असे विचारल्यावर तिने सहज सांगितले, ‘‘सांबारवडी.’’ विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. ‘‘इडलीबरोबरच्या सांबाराची वडी?’’ असे कोणीतरी म्हणाले आणि चार-पाच मुली हसल्या. त्यापाठोपाठ तिचे ‘मले’ (मला), ‘काऊन’ (का), ‘आलू’ (बटाटा) हे शब्दही वर्गात फिरू लागले. कोणी मारले नव्हते, शिवीही दिली नव्हती. पण तेव्हापासून तिचा डबा भरलेलाच परत येऊ लागला.

आई मात्र डब्यामुळे माझ्याकडे आली नव्हती. दर रविवारी संध्याकाळी मुलगी गावाकडे आजीला फोन करी आणि तो अर्धा तास सगळ्या घराला ऐकू जाई. ऑगस्टमधल्या एका रविवारी ती आजीशी अगदी पुस्तकी मराठीत बोलली, ‘‘मला अभ्यास आहे, मी नंतर बोलते,’’ असे म्हणाली. पलीकडे आजी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘काऊन वं माय, पाहुणी झाली का तू?’’ मुलीने फोन आईच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली. हे सांगताना आईचे डोळे भरून आले होते.

‘‘आम्ही तिला शंभरदा सांगितले मॅडम, कोण काय म्हणते तिकडे लक्ष देऊ नकोस, तू आहेस तशीच राहा,’’ आई म्हणाली. हा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो पाळता येत नाही. या वयात आपण सतत कोणाच्या तरी नजरेसमोर वावरतो आहोत असे मुलांना खरोखर वाटत असते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे नाव दिले. ज्या मुलीला संपूर्ण वर्ग आपल्या डब्याकडेच बघतो आहे असे वाटते, तिला ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणणे म्हणजे तिला जे जमत नाही नेमके तेच करायला सांगणे होय. शिवाय त्यातून तिला एक वेगळाच अर्थ लागतो, तो म्हणजे आपल्याला त्रास होतो ही आपलीच कमजोरी आहे.

पहिल्या भेटीत माझ्याकडूनही अशीच एक चूक झाली. तिला धीर यावा म्हणून मी सांगितले, की म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिले ते तुमच्याच मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, मराठी गद्याची सुरुवात तुमच्या भागातली आहे, तेव्हा तुला लाज कसली? तिने अदबीने ‘हो मॅडम’ म्हटले आणि खिडकीबाहेर पाहिले. तिची अडचण इतिहासाची नव्हतीच. उद्या मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसायचे, ही होती.

दुसऱ्या भेटीत मी तिला एक कोरा कागद दिला आणि इथे आल्यापासून स्वतःत केलेले बदल लिहायला सांगितले. ते झाल्यावर जे बदल मनापासून आवडले त्यांच्यापुढे एक खूण, जे नुसते चालवून घेतले त्यांच्यापुढे दुसरी आणि जे रात्री आठवून वाईट वाटते त्यांच्यापुढे तिसरी खूण करायला सांगितली. कोणता बदल चांगला, कोणता वाईट, यावर मी काहीही बोलले नाही. तिने बराच वेळ घेतला, दोनदा खोडले. कागद माझ्या हातात आला तेव्हा माझाच अंदाज चुकला होता. ‘मले’ऐवजी ‘मला’ म्हणणे तिने आवडलेल्या बदलांत घातले होते, कारण नवी बोलण्याची पद्धत इतक्या लवकर उचलता आली याचा तिला अभिमान होता. केस वर बांधणे, मैत्रिणींना आवडणाऱ्या मालिकांबद्दल बोलणे हे तिने चालवून घेतले होते. तिसरी खूण फक्त तीन ओळींपुढे होती: डबा न खाता परत आणणे, आजीशी तसे बोलणे, आणि वर्गातल्या एका तोतऱ्या मुलाला सगळे चिडवतात तेव्हा आपणही हसणे.

ही शेवटची ओळ आईला माहीतच नव्हती आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटली. भाषा बदलली म्हणून ती स्वतःला हरवत नव्हती. आपल्यावरचे हसू दुसऱ्याकडे वळावे म्हणून ती त्यात सामील होत होती आणि तिला ते कळत होते. पालक बहुतेक वेळा कपडे, केस, बोलणे यांवर हरकत घेतात. मुलाला आतून खुपणारी गोष्ट त्या यादीत नसतेच. म्हणून ‘तू बदललीस’ असे म्हणण्याआधी, यातले काय तुला स्वतःला नको आहे, असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

मग मी तिला विचारले, ‘‘सांबारवडीवरून सगळ्या हसल्या, त्या दिवशी कोण हसले नाही?’’

हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात रेघांच्या लांबीचे जे प्रयोग केले, त्यांत बाकी सगळे एकमुखाने उघड चुकीचे उत्तर देत असताना कॉलेजात शिकणारी मुलेसुद्धा जवळजवळ एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखेच उत्तर देत होती. पण बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण आधीच्या साधारण एक चतुर्थांशावर येत असे. स्वतःच्या मताने राहायला संपूर्ण वर्गाची मान्यता लागत नाही, एका माणसाची सोबत पुरते. सातवीतल्या मुलीला मात्र हसणाऱ्या पाच जणी दिसतात, न हसलेली सहावी दिसत नाही.

ती खूप वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, ‘‘खिडकीजवळची एक मुलगी. ती तिचा डबा खात होती.’’ त्या मुलीशी ती दोन महिन्यांत एकदाही बोलली नव्हती. आमचे ठरले ते एवढेच: आठवड्यातून एक दिवस तिच्याशेजारी बसायचे आणि त्या दिवशी डबा खायचा.

आईशी मी वेगळे बोलले. ती स्वतः इथल्या कार्यालयात प्रमाण मराठी बोलते आणि आईला फोन लावला की पहिल्याच वाक्यात ‘येजो’, ‘करजो’ सुरू होते. मुलगी हे रोज ऐकते, पण दोन्ही बोलणी तुमचीच आहेत आणि त्यांपैकी एकही खोटे नाही, हे तिला कोणी मोठ्याने सांगितलेले नव्हते. ‘‘सुरुवातीला मलाही हसले होते, हे मी तिला कधी सांगितलेच नाही,’’ आई म्हणाली. ते तिने त्याच रात्री सांगितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिडवणे रोजचे झाले, अंगावर आले, मोबाइलवरच्या गटात पसरले, मूल सकाळी पोटात दुखते म्हणू लागले किंवा शाळेला जायलाच नकार देऊ लागले, तर त्या मुलाला जुळवून घ्यायला शिकवत बसू नये. वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना भेटून, तारखांसह लेखी सांगून, ते थांबवणे हे मोठ्यांचे काम आहे. आमच्या या मुलीच्या बाबतीत वर्गशिक्षिकेशी एकदा झालेले बोलणे पुरले. त्या तोतऱ्या मुलाबद्दलही मुलीचे नाव न घेता बाईंच्या कानावर घातले.

दिवाळीनंतर ती भेटली तेव्हा त्या पाच जणींच्या घोळक्यात तिला प्रवेश मिळालेला नव्हता आणि एका वाढदिवसाला तिला बोलावलेही नव्हते. त्याचे वाईट वाटले, असे तिने सांगितले, आणि मी त्यावर समजूत घातली नाही. वर्गात ती अजून कोथिंबीरच म्हणते. खिडकीजवळच्या मुलीच्या आईला मात्र त्या वड्या कशा करतात ते हवे होते, म्हणून रविवारी आजीला फोन लागला. सांबार किती घ्यायचा, बेसन किती, वरच्या पारीचे पीठ कसे भिजवायचे, हे आजीने तीनदा सांगितले आणि नातीने तिच्याच बोलीत विचारून विचारून वहीत उतरवले. चिडवणे सुरू झाले की आता ती हसत नाही, वहीत डोके घालते. त्या मुलाशी ती अजून बोललेली नाही; पुढच्या भेटीत तो विषय आपणच काढू, असे तिने जाताना सांगितले आहे.